मॉरिशसचा रुपया महाग की स्वस्त? माझ्या प्रबंधाची गोष्ट

एमएच्या प्रबंधासाठी मी मॉरिशस घेतलं ते हॉस्टेलमधल्या मैत्रिणीमुळे. तिचं आडनाव मराठी, घरात बोलायची भाषा क्रिओल, आणि तिच्या देशात गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी. वस्ती जेमतेम साडेबारा लाख, म्हणजे आपल्या नाशिक शहरापेक्षाही कमी. वाटलं, आकडेमोड पटकन उरकेल.

मॅडमनी प्रश्न दिला: तिथला रुपया पेलवतो त्यापेक्षा महाग आहे का? पुस्तकातली रीत सरळ आहे. ज्यांच्याशी व्यापार आहे त्या देशांची चलनं घ्यायची, व्यापारातल्या वाट्यानुसार भार द्यायचा आणि दोन्हीकडची महागाई हिशेबात धरायची. हातात येतो तो रिअल इफेक्टिव्ह एक्स्चेंज रेट, आमच्या वर्गाच्या भाषेत 'रीर'. माझ्या सूत्रात तो वर गेला की रुपया महाग झाला आणि निर्यातदाराची पंचाईत झाली.

आठवड्यात आलेख तयार. पडताळा म्हणून बँक ऑफ मॉरिशस या तिथल्या मध्यवर्ती बँकेचा, रुपयाचा इतर चलनांशी सरासरी दर दाखवणारा 'मेरी' निर्देशांक शेजारी लावला, तर एक रेष वर, दुसरी खाली. तीन रात्री एक्सेल खणत बसले. मग तळटीप दिसली: मेरी वाढला की रुपया घसरला असं वाचायचं. शिवाय त्यात महागाई धरलेलीच नाही. चूक सूत्रात नव्हती, माझ्या आळसात होती.

त्याच बँकेचा एक दुसरा मेरीही निघाला, पर्यटनाची कमाई धरणारा. तिथे माझे डोळे उघडले. मी भार दिले होते फक्त मालाच्या व्यापारावरून. मैत्रीण म्हणाली, "अगं, आमच्याकडे येतात ते फ्रेंच. हॉटेलवाले युरोवर जगतात." आणि तेल येतं डॉलरमध्ये. २०२१च्या मध्यापासून २०२२च्या सप्टेंबरपर्यंत तिथे डॉलर महागला, युरो मात्र रुपयात स्वस्त झाला. तेलाचं बिल फुगलं आणि हॉटेलचा प्रत्येक युरो आखूड पडला. सरासरीच्या एका रेषेत या दोन्ही गोष्टी एकमेकींना खाऊन टाकतात. मग मी युरो आणि डॉलरसाठी वेगळ्या रेषा काढल्या. प्रबंधातलं माझं स्वतःचं म्हणावं असं काम तेवढंच.

चालू खात्याने, म्हणजे देशाच्या परदेशाशी चालणाऱ्या जमाखर्चाच्या हिशेबाने, वेगळाच घोळ घातला. तिथे नोंदलेल्या, पण धंदा परदेशात करणाऱ्या कंपन्यांतून प्रचंड पैसा ये-जा करतो. भारतात येणारी गुंतवणूकही कित्येक वर्षं त्याच वाटेने यायची. खात्यात जमा दिसते, पण त्यातलं बेटावरच्या लोकांच्या हाती फार थोडं लागतं. मी या कंपन्या धरून एक तूट काढली, वगळून दुसरी. मॅडमनी दोन्ही ठेवायला लावल्या.

तरी व्हायव्हात अडकलेच. बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, विनिमय दराला एवढं महत्त्व का? १ जानेवारी २००५ला कापडाचे जागतिक कोटे, म्हणजे कुठल्या देशाने किती माल विकायचा याच्या मर्यादा, संपले आणि चीनसमोर तिथल्या कपड्यांच्या कारखान्यांचा टिकाव लागेना. पुढच्याच वर्षी युरोपने साखरेचा हमीभाव ३६ टक्क्यांनी उतरवायला घेतला. रुपया किती पाडला असता म्हणजे हे भरून निघालं असतं?

मी १९७९ आणि १९८१ची दोन अवमूल्यनं सांगायला सुरुवात केली. सर म्हणाले, "तेव्हा कोटे होते." मी गप्प बसले. गुण मात्र बरे मिळाले.