काळी उठायलाच तयार नव्हती

कोंबड्या पाळणाऱ्याला खुडूक कोंबडी, म्हणजे अंडी उबवायला हट्टाने बसून राहणारी, काही नवीन नाही, माझ्याकडेपण अधूनमधून एखादी बसतेच आणि थोड्या दिवसांत उठतेही. पण काळीचं प्रकरण वेगळंच होतं. अंडी काढून घेतली तरी बसलेली, पेटीतलं गवत काढलं तरी बसलेली, शेवटी पेटीच बंद केली तर बाई पेटीसमोर उघड्या जमिनीवर पसरून बसली, खाली नुसती माती. हात घातला की अंग फुगवून गुरगुरायची आणि मनगटावर अशी चोच मारायची की बस.

त्यात आमच्याकडे तेव्हा कोंबडाच नव्हता, म्हणजे उबवायचे २१ दिवस काय, २१ महिने बसली असती तरी पिल्लू निघालं नसतं. पण हे तिला कोण समजावणार?

खुडूक कोंबडीच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढलेलं असतं, त्याने अंडी घालणं बंद होतं आणि बसायची ओढ लागते, आणि पेटीतला अंधार नि पोटाखालची ऊब ही ओढ अजून टिकवून ठेवते. त्यामुळे नुसती अंडी काढून भागत नाही, पोट गार पडावं लागतं. म्हणून मी जाळीच्या तळाचा पिंजरा विटांवर उचलून ठेवला, खालून वारं लागेल असा, आत गवत नाही, पेटी नाही, फक्त खाद्य आणि पाणी. तीन-चार दिवस असं ठेवलं की बऱ्याच कोंबड्या ताळ्यावर येतात. काळीपण त्यात उभी राहिली, खाल्लं, इकडेतिकडे फिरली, मला वाटलं सुटले एकदाची. दार उघडलं तर बाकीच्या दाणे टिपतायत त्यांच्या मधून, दाण्याकडे ढुंकूनही न बघता, सरळ पेटीत! परत पिंजरा, परत तेच.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, थंड पाण्याच्या बादलीत बुडव पोटापर्यंत, उठेल आपोआप." मी म्हटलं, "काकू, आधीच वाळलीये ती, त्यात अजून गारठवू?" नाही बुडवली. मला तो उपाय पटतच नाही.

आणि वाळली खरंच होती. छातीचं हाड हाताला टोचायला लागलं होतं, तुरा फिका पडलेला. खुडूक कोंबड्या दिवसातून एखाद्या वेळी उठतात, घाईघाईत खातात, पाणी पितात, एक भलामोठा घाण वासाचा गोळा टाकतात आणि परत बैठक. मातीत लोळणंपण जवळजवळ बंद, त्यामुळे पिसं उलटून बघितली तर शेपटीखाली उवाच उवा. आधी ते औषध केलं. आणि मग ठरवलं की भांडण पुरे, हिला पिल्लंच देऊन टाकू.

खाली खोटी अंडी ठेवून तिला निवांत बसू दिलं आणि एक दिवसाची पिल्लं आणली. यात रिस्क असते हां, काही कोंबड्या परकं पिल्लू टोचून मारतात. म्हणून काम रात्रीच करायचं, अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही आणि ती शांत असते. टॉर्चवर फडकं बांधून गेले. पहिलं पिल्लू मुठीत लपवून पंखाखाली सरकवलं, त्याच हाताने एक अंडं बाहेर. नेहमीसारखी गुरगुरली. तेवढ्यात आतून चिवचिव झाली आणि गुरगुर मधेच तुटली, मान वाकडी करून ऐकत बसली आणि मग घशातून हळू कुक-कुक सुरू केलं, हा आवाज मी तिच्याकडून कधीच ऐकला नव्हता. मग बाकीची एकेक करून सरकवली. ऊब द्यायचा दिवा आणि खोका तयार ठेवलाच होता, उगाच भरवसा कशाला?

खरी परीक्षा सकाळी, उजेडात. सगळी पिल्लं तपकिरी, एकच पिवळं, आणि नेमकं त्यालाच तिने डोक्यावर टोचलं. परत टोचलं. मी उचलायला हात पुढे केला तर ते येडं पिल्लू पळायचं सोडून तिच्याच पोटाखाली घुसलं, आणि ती त्याच्यावर बसली. विषय संपला. नंतर स्वतःहून उठली, मी इतके दिवस जिला ओढून काढत होते ती, आणि दाणा चोचीत उचल-टाक करत पिल्लांना बोलवायला लागली. सगळ्यात दांडगी कोंबडी जवळ आली तर तिला कुंपणापर्यंत पळवली.

मला मात्र वेगळंच काम लागलं. मोठ्यांचं लेयर खाद्य, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं, पिल्लांना चालत नाही, त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं आणि पिल्लांच्या किडन्यांना ते झेपत नाही. मग काळीसकट पिल्लांना आडोसा करून वेगळं स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं खाद्य, तिलापण तेच, अंडी घालत नव्हती म्हणून चाललं. पाण्याच्या थाळीत खडे टाकले, नाहीतर पिल्लं त्यात बुडतात.

पिल्लांना पिसं फुटली तशी तीच त्यांना टोचून लांब हाकलायला लागली आणि तुरा परत लालभडक झाला, मग थोड्याच दिवसांत अंडं दिलं. ते मी लगेच उचललं, हिच्या पेटीत आता दुपारनंतर एकही अंडं राहू देत नाही.