माझं खमंग, मावशींचं खमंग

१८ एप्रिल, रात्री साडेअकरा

२२ किलो चटणी मागच्या खोलीत पिंपात झाकून ठेवलीय. विकायची नाही, हे दुपारीच ठरवलं. तरी संध्याकाळी दोनदा जाऊन झाकण उघडून वास घेऊन आले. धने करपलेत ते करपलेतच. मिरचीचा ठसका येतो आणि मागनं जिभेच्या मुळाशी कडवटपणा राहतो. भाकरीबरोबर घरात खपेलही, पण ६४० रुपये किलोनं लोकांना कसं देऊ?

(कोल्हापूरबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. शेंगदाण्याची किंवा खोबऱ्याची ती वेगळी. मार्च ते मे या दिवसांत घरोघरी वर्षाची चटणी करायची आणि डंकावर, म्हणजे कांडपाच्या यंत्रावर, कुटून आणायची. ज्यांना करणं जमत नाही त्यांची मी करते. सात वर्षं झाली.)

त्याचं असं झालं, की यंदा पहिल्यांदा भाजायचं-तळायचं काम मी दुसऱ्याच्या हातात दिलं. मिरचीचे देठ खुडायचं काम गल्लीतल्या बायकांकडे आधीपासून आहे, किलोवर. कांदा चिरून वाळवून द्यायचं काम पलीकडच्या काकूंकडे. कुटणं डंकावर. पण कढई मात्र माझी. "हात बदलला की चव बदलते" हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलंय, की माझाच त्यावर विश्वास बसला होता.

यंदा ऑर्डरी दुप्पट. त्यात मार्चमध्ये पाठीत उसण भरली. शेवटी मावशींना विचारलं. माझ्याकडे चार वर्षं आहेत, चुलीपुढं जन्म गेलाय त्यांचा. कढई त्यांच्याकडे दिली, पाठ सोडवून घेतली आणि काल मिरची बघायला गडहिंग्लजला गेले. परत आले तर हे असं.

आल्या आल्या मी आवाज चढवला. नको होता चढवायला. बाकीच्या बायकांसमोर तर नकोच. मावशी शांतपणे पदराला हात पुसत म्हणाल्या, "वैनी, तुम्ही म्हणाला खमंग हुईपतोर भाजा. तुमचं खमंग येगळं, माझं येगळं. आन किलोवर काम दिलंय न्हवं तुम्ही, मग घाणा मोठाच पडणार की."

उत्तर नव्हतं माझ्याकडे. पाय दुखतात म्हणून आत गेले.

१९ एप्रिल

मावशींचं दुसरं वाक्य डोक्यातनं जाईना. किलोवर.

देठांना किलोचा भाव चालतो, कारण सूप हातात घेतलं की राहिलेला देठ डोळ्याला दिसतो. घाईत राहिला तर परत खुडून घेता येतो. भाजण्याचं तसं नाही. धन्याचा रंग पालटला की पुढच्या काही क्षणांत कढई उतरवायची असते, कारण उतरवल्यावरही तापलेल्या लोखंडात ते भाजतच राहतात. एका वेळी थोडे घातले तरच ते सगळे सारखे हलतात. किलोवर पैसे मिळणार म्हटल्यावर कोणताही शहाणा माणूस कढई भरूनच घेणार. हा हिशेब मी लावला होता, मावशींनी नव्हे. देठाचं काम आणि कढईचं काम मी एकाच मापानं मोजलं.

आज सकाळी मावशींना सांगितलं, यापुढं रोजावर. घाणा लहान. आणि काल बोलले ते चुकलं. त्या "असू द्या" म्हणाल्या आणि हिंग तळायला घेतला.

२० एप्रिल, रविवारच असावा असा सुस्त दिवस, पण जीएसटीची शेवटची तारीख

आज रिटर्न मी भरलं नाही. म्हणजे भरलं गेलं, मी नाही भरलं. फेब्रुवारीपासून एक मुलगी बघते ते. त्याआधी दोन वर्षं मीच बघायचे. म्हणजे २० तारीख उलटून गेल्यावर दचकायचे आणि दिवसाला ५० रुपयांप्रमाणे उशिराचा दंड भरत बसायचे. एकदा तर तीन महिने तुंबलं होतं. चटणीवर जीएसटी ५ टक्के, उलाढाल काही नोंदणीच्या ४० लाखांच्या मर्यादेजवळ नाही. पण बेंगळुरूला आणि हैदराबादला पार्सलं पाठवायची तर नोंदणी लागतेच, मग धंदा केवढाही असो.

खरं सांगायचं तर कढई मी हातात धरून ठेवली त्याचं एक कारण हे कागदसुद्धा होते. कढईपुढं उभी असले की कोणी म्हणत नाही, "अगं, बिलं कुठायत?" घामाघूम बाईला कोण हिशेब विचारणार! शिवाय कढईच्या कामाचं कौतुक होतं. जीएसटी वेळेवर भरला म्हणून आजवर एकाही गिऱ्हाइकानं मला हाताला चव आहे म्हटलेलं नाही.

म्हणजे सगळ्यात आधी जे द्यायला हवं होतं ते इतक्या उशिरा दिलं. त्या मुलीची महिन्याची फी मी भरलेल्या दंडापेक्षा कमी निघाली. हे मात्र घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

(बाहेर काम देऊन तोंडावर पडल्याची एक जुनी गोष्टही आहे. दोन हजार लेबलं छापून आली आणि अन्नपरवान्याच्या क्रमांकात १४ ऐवजी १३ आकडे. छापणाऱ्याला फोनवर खूप बोलले. मग त्यानं मला नमुन्याचा फोटो परत पाठवला, त्याखाली माझंच उत्तर: "ओके". रात्री अकराला, डोळे मिटत असताना दिलेलं. लेबलं अजून आहेत, मुलगा त्यांच्या मागच्या बाजूवर गणितं सोडवतो.)

२६ एप्रिल

आज वजनकाटा घेऊन बसलो. मावशी, मी, आणि खाटेवर आत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, चटणी मूळची त्यांची. त्यांना लिहिता येत नाही. मला शिकवली ती मूठ, ओंजळ आणि चिमटीच्या हिशेबानं, आणि मी तशीच पुढं वापरत आले.

पहिलं दगडफूल. माझी मूठ काट्यावर: ९ ग्रॅम. मावशींची मूठ: १४. त्यांचा पंजा मोठा, आणि त्या दाबून भरतात. मग गंमत म्हणून आत्यांचा हात पुढं केला. सुरकुतलेली, सांध्यांत आखडलेली मूठ: ६. तरण्याताठ्या असताना ती केवढी असेल कोण जाणे. म्हणजे "आत्यांच्या हातची चव" म्हणून मी सात वर्षं जी विकतेय ती मुळात माझ्या हाताच्या मापाची. आत्या म्हणाल्या, "मग काय! तुझीच हाय ती." मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल.

मग एकेक करून सगळं लिहून काढलं. तेल किती, हळकुंड आणि खडा हिंग आधी, धने स्वतंत्र, तीळ आणि खसखस सगळ्यात शेवटी मंद आचेवर, कारण ती बघता बघता जळते. किलोभर मिरचीला पाव किलो धने, एका घाण्यात त्यांतले निम्मेच. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी तिखटाला, आणि कुणी "कमी तिखट" मागितली तर लवंगी कमी करायची, ब्याडगी वाढवायची नाही. कुटून आल्यावर परातीत पसरून पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत भरायची नाही, नाहीतर आत वाफ धरते आणि गोळे होतात.

खमंगपाशी मात्र अडलो. मिनिटांत लिहायला गेले तर गॅसच्या आचेवर अवलंबून, चुलीवर तर काहीच खरं नाही. मावशीच म्हणाल्या, "दाणा चावून बघायचा. कट्‌कन तुटला की उतरवायचा." मी आजवर दाणा कधी चावलेलाच नाही, मी वासावर जाते. तीनदा करून बघितलं. दाणा कट्‌कन तुटतो तेव्हाच माझ्या नाकाला वास पटतो. वहीत मावशींचं लिहिलं. वास कागदावर कसा उतरवणार!

३ मे

आज दिवसभर कढईकडे गेले नाही. म्हणजे चार वेळा गेले. दोनदा पाणी प्यायला, एकदा मोबाइल तिथं राहिला म्हणून, आणि एकदा काहीच कारण नसताना. चौथ्या वेळी मावशी वर न बघता म्हणाल्या, "वैनी, दाणा चावायचा काय?" सगळ्या बायका हसल्या. मी पण हसले आणि बाहेर येऊन पार्सलांवर पत्ते चिकटवत बसले. दोन पत्ते उलटे चिकटवले.

९ मे

मावशींच्या घाण्यातली पहिली पार्सलं पोचली. पुण्यातल्या एक बाई आहेत, पहिल्या वर्षापासूनच्या. आल्याबरोबर त्याच दिवशी झुणका करून बघतात आणि कळवतात. दुपारी त्यांचा मेसेज आला. "यंदाची चटणी गेल्या वर्षीपेक्षा सरस झालीय. काही बदललंत का?"

मेसेज चार वेळा वाचला. आनंद झाला, त्याच्या खाली कुठंतरी टोचलंही. गेल्या वर्षीची माझ्या हातची होती.

बराच वेळ काय लिहावं सुचेना. "धने थोडे बदलले" असं लिहिलं, खोडलं. शेवटी नुसते जोडलेले हात पाठवले.

मावशींना अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगेन.