पाण्याचा वार

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेल्या कॅलेंडरवर आई पेनाने खुणा करते. दुधाचा खाडा म्हणजे फुली, गॅसची टाकी लावली त्या तारखेला गोल, आणि बारीकशी कळशी काढली असेल तर तो पाण्याचा वार. सोलापूरच्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. बाहेरगावच्यांसाठी एवढंच, की आमच्या भागात नळाला पाणी चार दिवसांआड येतं. चार दिवसांआड म्हणजे चौथ्या दिवशी की पाचव्या, यावर माझ्या पुण्याच्या मेव्हण्याने एकदा भरल्या ताटावर वाद घातला होता. पाचव्या, हो. मधले चार कोरडे. त्याला ते शेवटपर्यंत पटलं नाही. ज्याच्या नळाला रोज पाणी येतं, त्याला 'आड' कळत नाही.

2020 साली 24 मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी पाडवा होता. गुढी उभारली, पण गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी सुताच्या एका पेढीवर हिशेब लिहितो. पेढीला कुलूप लागलं, मुलीच्या शाळेला त्याआधीच लागलं होतं. पहिला आठवडा सुट्टीसारखा गेला, दुसऱ्यात वार हरवले. सोमवारी आई सिद्धेश्वराला जायची, तर देऊळ बंद. रविवारी मी मटण आणायचो, तेही बंद. मंगळवार, गुरुवार, शनिवार सगळ्यांचं तोंड सारखंच दिसायला लागलं. कॅलेंडरवर जिवंत राहिल्या त्या फक्त कळशा. मुलगी सकाळी उठून विचारायची, "आजी, आज काय?" आणि आई सांगायची, "पाण्याचा तिसरा."

असा आमचा पाच दिवसांचा आठवडा झाला. पाण्याचा पहिला म्हणजे रविवारच. चादरी भिजायच्या, फरशी पुसली जायची, बायको केस धुवायची. दुसऱ्या दिवशी माणूस अजून उदार असतो. तिसऱ्या दिवशी आई हौदाचं झाकण उचलून आत डोकावायची आणि एक शब्द न बोलता परत ठेवायची. ते झाकण ठेवल्याचा आवाज ऐकला की मी आंघोळीची बादली पाऊण करायचो. चौथ्या दिवशी तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला आणि कपड्यांचं शेवटचं पाणी संडासाला. पाचव्याला, म्हणजे पाणी यायच्या आदल्या दिवशी, घरात भांडी पालथी पडलेली आणि माणसं नळाकडे तोंड करून बसलेली.

देशभर लोक डाळ-तांदळाचे डबे भरायला धावत होते तेव्हा आम्हाला काही विशेष वाटलं नाही, हे मात्र खरं. साठवून खाणं आणि मोजून वापरणं आमच्या अंगवळणी पडलेलं. कडक भाकरीचा डबा आणि शेंगा चटणीची बरणी घरात असली की इथला माणूस पंधरा दिवस कुठल्याही संकटाकडे जरा तिरक्या नजरेनेच बघतो.

पंचाईत झाली ती हात धुण्याची. दर तासाला वीस सेकंद हात धुवा, असं टीव्ही सांगत होता, आणि टीव्हीतली बाई नळ सोडून ठेवून हात चोळत होती. आई त्या पाण्याकडे बघायची, हातांकडे नाही. "बंद कर की गं ती तोटी," असं ती एकदा खरोखर टीव्हीला म्हणाली. मग तिने आमचं शास्त्र बसवलं. तांब्यातलं दोन घोट पाणी हातावर, मग साबण, मग तांब्या खाली ठेवून नुसतं चोळणं. वीस सेकंद चोळण्याचे असतात, पाण्याचे नाहीत. घड्याळाऐवजी "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र, सिद्धेश्वर महाराज की जय" हे सावकाश तीनदा म्हणायचं. तिसऱ्या जयला उरलेलं पाणी. अर्ध्या तांब्यात दोन हात लख्ख. बाराव्या शतकात ज्याने भक्तांना हाताशी घेऊन तळं खोदलं, त्याच्या नावाने पाणी वाचवायचं, यात काही वावगं नाही, असं आईचं म्हणणं. पुढे 2021 च्या संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरला नाही, नंदीध्वजांची मिरवणूक निघाली नाही, तेव्हा आई म्हणाली, आपण वर्षभर मोरीत जयजयकार केलाय, पोचला असेल.

आता आवाजाचं सांगतो, कारण खरं जे झालं ते आवाजाने झालं.

आमचं घर पूर्व भागात, अशोक चौकापासून चालत दहा मिनिटांवर. मागच्या भिंतीला लागून टॉवेलचा कारखाना आहे, बारा मागांचा. माझा जन्म त्या खडखडाटात झाला, लग्नही त्यातच झालं. पाहुणे आले की पहिल्या रात्री झोपत नाहीत. आम्ही उलटे, माग थांबले की दचकून जागे होणारे. लाइट गेली वाटतं, म्हणून. त्या पाडव्याला माग थांबले ते थांबलेच. तीन-चार रात्री मी छताकडे बघत पडून होतो. हळूहळू गल्लीतले आवाज एकेक करून वर यायला लागले. कुणाचं तरी भिंतीवरचं घड्याळ. कुणाचा तरी पंखा, पातं घासणारा. समोरच्या अव्वांचा, म्हणजे समोरच्या घरातल्या आजींचा खोकला, जो ऐकून त्या दिवसांत पोटात गोळा यायचा. पण तो तंबाखूचा होता, चाळीस वर्षं विड्या वळल्याचा.

आणि नळ. पाणी यायच्या आधी नळातून हवा येते. आधी बारीक सूं, मग फुस्स, मग दोन उचक्या, आणि मग लालसर पाण्याची धार. उजनीत अडलेलं भीमेचं पाणी शंभराहून जास्त किलोमीटर नळातून येतं. दुसरी वाट नदीची. पात्रात सोडायचं, औजच्या बंधाऱ्यात अडवायचं, टाकळीला उपसायचं. एवढ्या लांबून आलेली गोष्ट आधी दम टाकते, हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत आम्ही चावीवाल्याच्या सायकलवर आणि अंदाजावर चाललो होतो. हा चावीवाला त्या दिवसांत तोंडाला टॉवेल गुंडाळून रात्री-अपरात्री एकटाच गल्लीत यायचा, रस्त्यातलं झाकण उचलून चावी फिरवायचा आणि कुणाच्या दाराशी न थांबता जायचा. त्याला चहा द्यायचीसुद्धा चोरी होती.

पाणी रात्री अडीचला आलं की गल्ली उठायची. प्रत्येकाच्या दारापुढे नळाचा खड्डा, खड्ड्यात मोटार, मोटारीला पाइप. नळाला थेट मोटार लावणं नियमात बसत नाही, हे मला ठाऊक आहे. गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक आहे, म्हणून तर सगळ्यांकडे आहे. या मोटारीवरून अव्वांचं आणि माझं सात वर्षांचं भांडण होतं. त्यांचं घर आमच्यापुढे, जरा चढावर, लाइनच्या शेपटाला. "अण्णा, तुमची मोटार आमचं पाणी ओढते की हो," असं त्या म्हणायच्या. मी म्हणायचो, "सगळ्यांच्याच मोटारी ओढतात अव्वा. तुमचा नळच चढावर, त्याला मी काय करू?" त्या तेलुगूत काहीतरी पुटपुटायच्या. मला तेलुगू येत नाही, पण पुटपुटणं कुठल्याही भाषेतलं कळतं.

एप्रिलमधल्या एका पाण्याच्या रात्री मी खड्ड्यापाशी बसलो होतो. हौद भरत आला म्हणून मोटार बंद केली. गल्ली अशी शांत, की धार पडताना भांडं पितळेचं आहे की प्लास्टिकचं हेसुद्धा ऐकू यावं. मोटार बंद होताच समोरच्या नळाला धार लागल्याचं ऐकलं. वरची टाकी भरायची होती म्हणून पुन्हा बटण दाबलं. आमच्या मोटारीच्या घुरघुरीमागून तिकडचा आवाज आला, सूं... सूं... कोरडा. दम्याच्या माणसाने श्वास घ्यावा तसा. बंद केली, तर धार. चालू केली, तर सूं. हे मी लहान पोरासारखं चार वेळा करून पाहिलं. अंधारात अव्वा पायरीवर बसल्या होत्या, विडी कारखान्याने पानं-तंबाखू देणं बंद केलेलं, विड्यांचं सूप आत कुठेतरी रिकामं, आणि पुढ्यात रांगेत सात घागरी. त्यांनी माझ्याकडे बघितलं की नाही, ते दिसलं नाही. चौथ्या वेळेला मी मोटार बंदच ठेवली आणि दात घासायला गेलो. रात्रीच्या तीनला. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

माफी वगैरे मागितली नाही. पुढच्या पाण्याला मोटार पाऊण तास उशिरा लावली, एवढंच. आमचा हौद तरी भरलाच. मग ती सात वर्षांची घाई कशाची होती, हे बायकोने विचारलं आणि मी ते ऐकलं नाही असं दाखवलं. अव्वाही काही बोलल्या नाहीत. फक्त मोटारीवरून पुटपुटणं थांबलं.

जूनमध्ये मुलीला ऑनलाइन वर्गात निबंध आला, 'कोरोनाने मला काय शिकवलं'. हा प्रश्न मला तेव्हाही आवडला नव्हता, आताही आवडत नाही. शिकवायला तो काय मास्तर होता? आमच्या पेढीवरचा हमाल त्यात गेला. त्याने कुणाला काय शिकवावं म्हणून तो गेला नव्हता. पण पोरीला दहा ओळी हव्या होत्या. तिने मास्क लिहिलं, अंतर लिहिलं, हात धुणं लिहिलं, आणि नऊ ओळींवर अडली. "बाबा, तुम्ही काय शिकलात?" मी म्हटलं, "मोटार उशिरा लावायला." तिने ते लिहिलं नाही. बाईंना कळणार नाही म्हणाली.

2021 च्या एप्रिलात कोरोना आमच्या घरात आला तोही पाण्याच्याच वारी. नव्या पाण्याला टीसीएल पावडरचा, म्हणजे जंतू मारायच्या ब्लीचिंग पावडरचा उग्र वास असतो, पहिल्या दोन घागरी तर तोंडाजवळ नेववत नाहीत. मुलगी नाक धरून म्हणाली, "किती घाण वास येतोय!" मी ओंजळ नाकाशी नेली. काहीच नाही. पुन्हा नेली. मग मोरीतला साबण हुंगला, मग फणीवरचं खोबरेल. बायको दारात उभी राहून बघत होती. मी तिला म्हटलं, "तू लांब हो." दुसऱ्या दिवशी तपासणी केली, मी आणि बायको दोघंही पॉझिटिव्ह निघालो. दारावर कागद चिकटला. चौदा दिवस. बाकी जगाने याचे दोन आठवडे मोजले असतील, आम्ही तीन पाणी मोजली.

आमचा नळ दाराबाहेर, आणि दाराबाहेर जायचं नाही. आईला सत्तरी उलटलेली, खड्ड्यात उतरवणार कशी? मुलगी बारा वर्षांची. पहिल्या पाण्याच्या रात्री मी खिडकीशी उभा राहून नुसता ऐकत होतो. सूं, फुस्स, उचक्या. आपल्या दारात पाणी आलंय आणि आपण गजांच्या आत! तेवढ्यात अव्वांचा नातू तोंडाला फडकं बांधून आला, खड्ड्यात उतरला, आमची मोटार लावून त्याने पाइपाचं टोक हौदात सोडलं. गजातून मी म्हटलं, "अरे, आधी तुमचं भरा." पायरीवरून अव्वांचा आवाज आला, "तुम्ही बसा की आत. ते भरून सोडतो." भरून सोडतो म्हणजे भरून टाकतो. इथे सगळं असं सोडून दिलेलं असतं. जेवून सोडतात, झोपून सोडतात.

त्याने हौद भरला, टाकी भरली, पिण्याच्या दोन घागरी फडक्याने गाळून उंबऱ्यावर ठेवल्या आणि लांब जाऊन उभा राहिला, मी त्या आत घेईपर्यंत. घागरीच्या तोंडावर बांधलेलं फडकं चौकड्यांचं होतं, एका कोपऱ्याला विडीच्या दोऱ्याने शिवलेलं. तीन पाण्यांना तीन वेळा तेच फडकं, प्रत्येक वेळी धुऊन वाळवलेलं. लाइनच्या शेपटाला राहणारी बाई आमच्या पाण्यासाठी स्वतःचं पाणी खर्चून फडकं धूत होती, हा हिशेब माझ्यासारख्या हिशेबनीसाला जमवता आला नाही. वास परत यायला महिना लागला. आधी आला तो लसणीचा, मग पावडरचा. घागरीत नाक घालून मी तो मुद्दाम घेतला.

आता माग कधीच सुरू झालेत. सूत महागलं, मालाला उठाव नाही, तरी बाराच्या बारा चालतात, रात्रपाळीलासुद्धा. पहिल्या रात्री त्या खडखडाटात आम्ही सगळे मेल्यासारखे झोपलो. नळ केव्हा उचकला, कुणाला ऐकू आलं नाही. तेव्हापासून पाणी आलं की अव्वा काठी घेऊन येतात आणि आमच्या लोखंडी गेटवर हाणतात. "ओ अण्णा! पाणी आलंय की! झोपून सोडलात काय?"

परवाही आल्या. मी उठलो, खड्ड्यापाशी जाऊन बसलो, मोटारीच्या बटणावर बोट ठेवलं. "अव्वा, भरलं का?" मागांच्या आवाजात त्यांना ऐकू जाईना. मी पुन्हा ओरडलो. त्यांनी पायरीवरूनच हात वर केला आणि दोन बोटं दाखवली. दोन घागरी राहिल्या होत्या. मी बोट काढून घेतलं.