काचभट्टीसाठी स्वतंत्र उत्सर्जन मर्यादा: माझा अनुभव

काचेची भट्टी एकदा पेटवली की बारा-पंधरा वर्षं विझवत नाहीत. आत सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळलेली काच असते. ती थंड होऊ दिली तर विटा तडकतात आणि काच जागच्या जागी थिजते. नायट्रोजन ऑक्साइड्सची, म्हणजे आमच्या भाषेत ‘नॉक्स’ची, नवी कडक मर्यादा लागू झाली तेव्हा आमची भट्टी आयुष्याच्या ऐन मध्यावर होती. मर्यादेबद्दल आमची तक्रार नव्हती. पण ती पूर्णपणे गाठण्यासाठी भट्टीची रचनाच बदलावी लागणार होती, आणि ते पुनर्बांधणीच्या वेळीच शक्य होतं. मधल्या वर्षांसाठी आमच्या जागेपुरती वेगळी मर्यादा ठरवून द्यावी, असा अर्ज आम्ही केला. कारखान्याचा पर्यावरण विभाग माझ्याकडे आहे, त्यामुळे पहिल्या बैठकीपासून शेवटच्या सहीपर्यंत ही फाइल मीच सांभाळली. यातून जाणाऱ्या इतरांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

‘वेगळी मर्यादा’ म्हटलं की लोकांना सवलतच आठवते. पण ही तरतूद दोन्ही बाजूंनी चालते. युरोपीय संघाच्या २०१० च्या औद्योगिक उत्सर्जन निर्देशात, एखाद्या ठिकाणची भौगोलिक किंवा तांत्रिक परिस्थिती पाहता फायद्याच्या मानाने खर्च अवाजवी ठरत असेल तर मर्यादा सैल करता येते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात कारखान्याला ठरावीक वर्षांसाठी जागानिहाय मानक मागता येतं, आणि त्यासाठी लोकांशी सल्लामसलत करावी लागते. भारताच्या १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) नियमांचं तोंड मात्र उलट दिशेला आहे: परिसराची स्थिती पाहून, कारणं लेखी नोंदवून, प्रदूषण नियंत्रण मंडळ एखाद्या उद्योगाला ठरलेल्या मानकापेक्षा कडक मर्यादा घालू शकतं. जागा पाहून आकडा ठरवायचा म्हटल्यावर तो खालीही येऊ शकतो, हे अर्ज करण्याआधी व्यवस्थापनाला स्पष्ट सांगून ठेवावं. आमच्या बाबतीत एक आकडा सैल झाला आणि एक नवा आकडा येऊन बसला.

अर्जाआधीच्या बैठकीत मी भट्टीची क्षमता, बर्नर, इंधन असं सगळं घेऊन गेले होते. मंडळाच्या अधिकाऱ्यांनी ते बाजूला ठेवलं आणि म्हणाले, “तुम्हाला किती जमतं ते नंतर बोलू. आधी कुंपणाबाहेर किती पोचतं ते दाखवा.” पुढचं सगळं काम याच क्रमाने झालं, आणि तो क्रम बरोबर होता असं माझं ठाम मत आहे. तंत्रापासून सुरुवात केली की चर्चा खर्चावर येऊन अडकते. माणूस जिथे श्वास घेतो तिथून सुरुवात केली की प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न विचारता येतो: याने तिथली हवा किती सुधारेल?

पण त्याआधी चिमणीतून नेमकं काय बाहेर पडतं ते कळायला हवं, आणि आमच्या भट्टीत तिथेच मोठी गुंतागुंत होती. आमची भट्टी रिजनरेटरची आहे. एका बाजूच्या विटांच्या जाळीतून हवा तापून आत येते, दुसऱ्या बाजूच्या जाळीला तापवत धूर बाहेर जातो, आणि साधारण दर वीस मिनिटांनी दोन्ही बाजूंची अदलाबदल होते. याला आम्ही रिव्हर्सल म्हणतो. चाचणी करणारी मंडळी चिमणीच्या प्लॅटफॉर्मवर होती, मी खाली विश्लेषक यंत्राच्या पडद्यासमोर. नॉक्सची रेघ बराच वेळ थोडी वरखाली होत राहते. मग रिव्हर्सल होतं, बर्नर क्षणभर बंद होतात, नॉक्सची रेघ धाडकन खाली येते आणि ऑक्सिजनची रेघ हवेतल्या २१ टक्क्यांच्या दिशेने वर चढते. थोड्याच वेळात दोन्ही पुन्हा जागेवर. दर फेरीला हेच.

हे दिसतं तेवढं निरुपद्रवी नाही. चिमणीत हवा मिसळून आकडा पातळ करता येऊ नये म्हणून मोजलेलं प्रमाण संदर्भ ऑक्सिजनवर, म्हणजे ऑक्सिजनच्या एका ठरलेल्या टक्केवारीवर, आणून लिहितात. काचेच्या सलग चालणाऱ्या भट्ट्यांसाठी युरोपात ८ टक्के ऑक्सिजन धरतात. २१ मधून ८ वजा करायचे, २१ मधून मोजलेला ऑक्सिजन वजा करायचा, आणि पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागून येणाऱ्या संख्येने प्रमाण गुणायचं. मोजलेला ऑक्सिजन १० टक्के असेल तर १३ भागिले ११, म्हणजे सुमारे १.१८ पट. पण रिव्हर्सलच्या क्षणी ऑक्सिजन २० टक्क्यांवर गेला की तोच गुणक १३ पट होतो! भट्टीत ज्वाला नाही, नॉक्स जवळजवळ तयारच होत नाही, आणि कागदावर मात्र भलामोठा आकडा उमटतो. हे मिनिट गाळले तर ‘सोयीची मिनिटं गाळली’ असा आरोप होणार, ठेवले तर सरासरी खोटी.

यावर मंडळाच्या तांत्रिक समितीशी बराच खल झाला. शेवटी ठरलं ते असं: ऑक्सिजन आणि नॉक्स या दोन्हींची आधी पूर्ण तासाची सरासरी काढायची आणि दुरुस्तीचा गुणक नंतर लावायचा, एकही मिनिट गाळायचं नाही. शिवाय मर्यादा दोन रूपांत लिहायची, एक घनमीटरमागे मिलिग्रॅममध्ये आणि दुसरी वितळवलेल्या प्रत्येक टनामागे किलोग्रॅममध्ये. दुसरं रूप मला जास्त प्रामाणिक वाटतं, कारण हवा कितीही मिसळा, टनामागचे किलो बदलत नाहीत. मात्र त्यासाठी धुराचा वेग नीट मोजावा लागतो, आणि चिमणीतल्या वळणाजवळ भोवरे असले की तो नीट मिळत नाही. सॅम्पलिंग पोर्ट, म्हणजे धुराचा नमुना घेण्याचं छिद्र, कुठे आहे हे आधी तपासा. सर्वसाधारण नियम असा की शेवटच्या वळणापासून पुढे चिमणीच्या व्यासाच्या आठपट सरळ लांबी असावी आणि पुढच्या अडथळ्याच्या दोनपट आधी. तेवढी नसेल तर जास्त बिंदूंवर मोजावं लागतं.

यानंतर प्रसरणाचं मॉडेल, म्हणजे चिमणीतला धूर हवेत कुठे, किती पसरतो याचं संगणकावरचं गणित. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००५ मध्ये पसंतीचं मॉडेल म्हणून स्वीकारलेलं ‘एअरमॉड’ आम्ही वापरलं. त्याला वाऱ्याची आणि तापमानाची तासातासाची माहिती लागते, शक्यतो सलग पाच वर्षांची, आणि ती त्या जागेला लागू पडणारी हवी. दूरच्या, मोकळ्या मैदानावरच्या हवामान केंद्राची आकडेवारी टेकडीच्या पायथ्याच्या कारखान्याला चालत नाही. दुसरी गोष्ट, चिमणीतून निघणाऱ्या नॉक्समध्ये बहुतांश भाग नायट्रिक ऑक्साइडचा असतो. आरोग्याचे निकष नायट्रोजन डायऑक्साइडवर असतात. बाहेर आल्यावर हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर होतं. ते किती आणि किती वेगाने धरायचं, यावर उत्तर बदलतं. आम्ही आधी सगळंच रूपांतर होतं असं धरून पाहिलं, मग ओझोनच्या मोजमापांवरून सुधारलं, आणि दोन्ही निकाल अहवालात शेजारी-शेजारी ठेवले. वाचणाऱ्याला कुठे किती गृहीत धरलंय ते दिसायलाच हवं.

खरा वाद झाला तो पार्श्वभूमीच्या पातळीवर. रस्त्यावरची वाहनं, इतर कारखाने यांनी हवेत आधीच जे भरून ठेवलंय, त्यात आपली भर मिळवून बेरीज निकषात बसते का ते पाहायचं. जागतिक आरोग्य संघटनेने नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक मार्गदर्शक पातळी २०२१ मध्ये घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमवरून १० वर आणली. तासाची २०० आहे. आमच्या सल्लागारांचं म्हणणं होतं की आपला वाटा वेगळा काढून तेवढाच दाखवावा. मी ते मान्य केलं नाही. शेजारच्या वस्तीतला माणूस बेरीज श्वासात घेतो, वाटा नाही. अहवालात बेरीजच गेली, आणि आमचा वाटा तिच्यात वेगळ्या रंगाने दाखवला.

नकाशा तयार झाला तेव्हा सगळ्यांचा अंदाज असा की सर्वांत वाईट तास शांत रात्रीचे असतील, कारण वारा नाही आणि थंड हवेचा थर जमिनीलगत बसलेला. वर्षाच्या सरासरीसाठी अशा तासांचा वाटा मोठा होताच. पण तासाचे सर्वांत वरचे आकडे भर वाऱ्यातले निघाले, आणि तेही एकाच दिशेच्या. कारण होतं आमचं बॅच हाउस, म्हणजे कच्चा माल मोजून मिसळण्याची जागा. ही उंच, रुंद इमारत चिमणीच्या अगदी शेजारी आहे. वारा तिच्यावरून आला की पलीकडच्या बाजूला भोवरा तयार होतो आणि धूर वर जाण्याऐवजी त्यात ओढला जाऊन कुंपणालगत खाली येतो. हे टाळायला चिमणी किती उंच हवी, याचं सूत्र आहे: इमारतीची उंची, अधिक तिच्या उंची-रुंदीतलं जे कमी असेल त्याची दीडपट. आमची चिमणी त्याहून बरीच ठेंगणी होती.

उंची वाढवायचं ठरलं, पण मंडळाने ते उत्सर्जन कमी केल्यात धरलं नाही, आणि ते योग्यच केलं. कॅनडातल्या सडबरीच्या निकेल कारखान्याने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ३८१ मीटरची चिमणी बांधली. जवळची हवा सुधारली, पण गंधकाचा धूर लांब गेला इतकंच. अमेरिकेने १९७७ च्या कायदा-दुरुस्तीत सूत्रापेक्षा जास्त उंचीचा फायदा मर्यादा ठरवताना धरायचा नाही असं लिहून ठेवलं, ते अशाच अनुभवातून. आम्ही सूत्राइतकी उंची घेतली, एक मीटरही वर नाही.

तंत्रांच्या तुलनेचा भाग त्या मानाने सरळ गेला. उत्प्रेरकावर अमोनिया सोडून नॉक्स मोडण्याची यंत्रणा चांगली, पण काचभट्टीच्या धुरात सोडियम सल्फेटची बारीक धूळ असते. ती उत्प्रेरकाची छिद्रं बुजवते, म्हणून आधी धूळ काढणारी यंत्रणा हवी, आणि त्यानंतरही धूर पुरेसा गरम राहायला हवा. या दोन्हींना आवश्यक तेवढी जागा आमच्याकडे भट्टी चालू असताना निघत नव्हती. हवेऐवजी ऑक्सिजनवर भट्टी चालवणं हा सर्वांत मुळापासूनचा उपाय, कारण नॉक्सचा मोठा भाग ज्वालेतल्या हवेच्या नायट्रोजनमधूनच येतो. तो पुनर्बांधणीत घ्यायचा. तोवर बर्नर बदलणे, फटी बुजवून आगंतुक हवा रोखणे, जास्तीच्या हवेवर काटेकोर नियंत्रण, आणि कच्च्या मालात काचेचा चुरा वाढवणे. चुऱ्याचं प्रमाण दहा टक्क्यांनी वाढलं की इंधन साधारण अडीच ते तीन टक्क्यांनी वाचतं. कमी इंधन म्हणजे नॉक्सही कमी. प्रत्येक पर्यायापुढे खर्च, टनांमध्ये घट आणि कुंपणाबाहेरचा फरक, असे तिन्ही रकाने भरले. तिसरा रकाना बहुतेक अहवालांत नसतो, तो जरूर घाला.

जनसुनावणीत मी सादरीकरण केलं, दिवसाच्या सरासरीचा प्रस्ताव समजावला. वस्तीतल्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, “ताई, वारा सुटला की माझ्या मुलाचा दमा उसळतो. दोन-तीन तास तो तळमळतो. तुमच्या दिवसाच्या सरासरीत ते तीन तास कुठे दिसतील?” त्यांच्या घराची जागा मी नकाशावर पाहिली. बॅच हाउसच्या पलीकडच्या त्याच पट्ट्यात होती. मुलाच्या दम्याचं कारण आमचाच धूर आहे असं म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नव्हता, पण त्यांनी सांगितलेले तास आणि मॉडेलचे तास एकच होते. मी सभेतच सांगितलं की दिवसाच्या सरासरीत ते तास बुडतात, आणि तासाची वेगळी कमाल मर्यादा आम्हाला मान्य असेल. परत गेल्यावर उत्पादन विभागाशी त्यावर बराच वाद झाला. माझ्या मते ती मर्यादा नसती तर हा सगळा खटाटोप अपुरा राहिला असता.

अखेर जे पत्र हाती आलं त्यात दिवसाच्या सरासरीची मर्यादा युरोपच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाहून थोडी सैल आहे. बाटल्यांच्या काचेसाठी ज्वलनात सुधारणा करून तिथे घनमीटरला ५०० ते ८०० मिलिग्रॅम अपेक्षित असतात. आमची ही सैल मर्यादा दर काही वर्षांनी खाली येणार आहे. सोबत टनामागची मर्यादा, तासाची कमाल मर्यादा, चिमणीचं वाढीव काम पहिल्या टप्प्यात, आणि वाऱ्याच्या त्या बाजूला कुंपणावर सतत मोजणारं यंत्र, ज्याचे आकडे वस्तीला पाहता येतील. चिमणीवरचं यंत्र बंद पडलं तर तो काळ कोरा सोडायचा नाही, ठरलेल्या पद्धतीने भरायचा, हेही लिहिलेलं आहे.

मुदतीचा मुद्दा शेवटपर्यंत अडला होता. आम्ही ‘भट्टीच्या पुनर्बांधणीपर्यंत’ असं मागितलं होतं. मंडळाने ते शब्द खोडले. गरम अवस्थेतच डागडुजी करून भट्टीचं आयुष्य वर्षानुवर्षं लांबवता येतं, आणि तसं झालं तर तात्पुरती मर्यादा कायमची होऊन बसते, हा त्यांचा आक्षेप होता. भट्टी विभागातल्या आमच्याच लोकांना विचारलं तर तेही हेच सांगतील. पत्रात आता थेट तारीख आहे: पुनर्बांधणी किंवा ती तारीख, जे आधी येईल ते. त्या तारखेवरून मागे मोजत ऑक्सिजन-ज्वलनाच्या नव्या भट्टीच्या आराखड्याचं काम आम्ही सुरू केलं आहे.