पुडीला रकानाच नव्हता

लेकीची केमो चालू होती, छातीत सेंट्रल लाइन, म्हणजे थेट मोठ्या रक्तवाहिनीत जाणारी नळी. अँटिबायोटिकने जुलाब लागले, तेव्हा ओळखीतल्या एकीने प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटासाठी घ्यायच्या जिवंत सूक्ष्मजीवांच्या, पुड्या आणून दिल्या. "साधी पावडर गं, काही होत नाही." मलाही तसंच वाटलं. तरी विचारून द्यावं म्हटलं आणि तिथेच अडकले.

भरतीच्या फॉर्मवर 'चालू औषधे' हा रकाना. मी पुडीचं नाव लिहिलं, खिडकीवरच्या बाईंनी खोडलं. "हे औषध नाही, पूरक आहार आहे." मग पूरक आहार कुठे लिहू? तो रकानाच नाही! आहारतज्ज्ञांकडे जा. त्या म्हणाल्या, यात जिवाणू-बिवाणू असतात, डॉक्टरांना विचारा. डॉक्टर राउंडला. सिस्टर म्हणाल्या, आमच्या चार्टवर नाही ते आम्ही देत नाही, तुमचं तुम्ही बघा. अडीच तास ती पुडी मुठीत धरून मी फिरले. घामाने ओली झाली होती. (खोकं फेकू नका, बारीक अक्षरं त्यावरच असतात. माझ्या पिशवीत निघालं ते नशीब.)

शेवटी औषधांच्या खिडकीतल्या फार्मासिस्टने ते वाचलं. "सॅकरोमायसिस बोलार्डी. हे जिवाणू नाहीत, जिवंत यीस्ट आहे, बुरशीचा प्रकार. लाइनवाल्या पेशंटला चालत नाही." पुडी फाडली की पावडर उडते, बोटांना चिकटते. त्याच हातांनी लाइनचं टोपण उघडलं की यीस्ट थेट रक्तात, आणि यीस्टवर अँटिबायोटिक चालत नाही. म्हणजे शेजारच्या खाटेवर फाडलेली पुडीसुद्धा आपल्याला धोक्याची! धडधाकट मुलांना सहसा काही होत नाही, पण प्रतिकारशक्ती खचलेल्यांचं वेगळं.

बोलार्डी नाही, जिवाणूवालं आहे, म्हणून निर्धास्त राहू नका. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 2023 मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांबद्दल इशारा दिला, तो प्रोबायोटिकमधल्याच जिवाणूचा संसर्ग होऊन एक बाळ दगावल्यानंतर.

आणि हो, आधीच देऊन झालं असेल आणि ताप आला, तर वाट न बघता दवाखाना गाठा आणि पुडीचं नाव आपणहून सांगा. कुणी विचारणार नाही.

पुढच्या भरतीला तोच फॉर्म. मी समासात लिहिलं, 'प्रोबायोटिक देत नाही, देऊ नये.' बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हे कशाला लिहिलंत?"