धुळ्यात दोघांनी एसटीनं फिरायचं तर

साठी-सत्तरीतलं जोडपं धुळ्याला नवखं असेल तर पहिली चौकशी 'बघायला काय आहे' ही नको, 'परत गाडी कधी' ही हवी. शहरात हरवायला होत नाही. फजिती होते ती संध्याकाळी फाट्यावर, साधी गाडी निघून गेलेली आणि विनाथांबा समोरून धुरळा उडवत जाते तेव्हा.

आधी तिकिटाचा हिशोब, कारण दोघांचा तो सारखा नसतो. एसटीत बाईंना मार्च २०२३ पासून कोणत्याही वयात अर्धं तिकीट आहे. पुरुषाला अर्धं मिळतं ६५ पूर्ण झाल्यावर. म्हणजे साहेब ६३ चे असतील तर त्यांचं पूर्ण, बाईंचं अर्धं, आणि बसमध्ये वाद घालून उपयोग नाही. पंच्याहत्तरी ओलांडली की ऑगस्ट २०२२ पासून दोघांनाही प्रवास मोफत, पण शून्य रुपयांचं तिकीट घ्यावंच लागतं. ते हातात नसेल तर तपासणीत विनातिकीटच धरतात. बाई ६५ च्या वर असल्या तरी अर्ध्याचं पाव होत नाही. आधार कार्ड मूळ ठेवा आणि त्यावर पूर्ण जन्मतारीख आहे ना, ते घरीच बघा. जुन्या कार्डांवर नुसतं सालच असतं. वय नेमकं काठावर असेल तर कंडक्टर अडतो, आणि त्याच्या जागी तो बरोबर असतो. आणखी एक, ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच. सेंधव्याकडे पळासनेरच्या पुढे, सुरतकडे नवापूरच्या पुढे पूर्ण पैसे.

रेल्वेत उलटं. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच. खालच्या बर्थचा कोटा मात्र आहे: पुरुष ६० च्या वर, बाई ४५ च्या वर, आणि एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी. नातवाला त्याच तिकिटात घातलं की तिघं होतात आणि कोटा गेला. त्याचं तिकीट वेगळं काढा.

मुंबईकडून किंवा भुसावळकडून रेल्वेनं येणाऱ्यांनी, थेट धुळ्याची गाडी नसेल तर, चाळीसगावला उतरायचं. तिथून धुळ्याला फाट्याची लाइन आहे, साधारण ५६ किलोमीटर, वाटेत जामदा, शिरूड, बोरविहीर अशी स्टेशनं. गाडी निवांत, शेतं बघत जाणारी. पण दिवसाला मोजक्याच फेऱ्या, आणि मेन लाइनची गाडी उशिरा आली तर ही थांबेलच असं नाही. दोन गाड्यांमध्ये तासाभराहून कमी वेळ असेल तर मनाची तयारी एसटीची ठेवा.

शहरात फिरायचं साधन रिक्षा. बसण्याआधी 'सीटवर की स्पेशल?', म्हणजे इतरांबरोबर माणशी पैसे की अख्खी रिक्षा, एवढं विचारा. हे न विचारता बसलं आणि पुढे कुणी दुसरा चढलाच नाही, की उतरताना पैशावरून घोळ होतो. 'कथा जानं शे?' असं कुणी अहिराणीत विचारलं तर बिचकू नका, मराठीत उत्तर द्या. चौकापर्यंत आणून सोडतील. पत्ता सांगताना चौकाचं नाव सांगा, पाच कंदील किंवा देवपुरातलं दत्त मंदिर. कॉलनीचं नाव सांगून रिक्षावाल्याला काही उमगत नाही.

पाच कंदिलाला उतरलात की पुढे पायीच. १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्जनं इथं मुख्य ठाणं केलं आणि नवी पेठ सरळ आखून घेतली. गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत: गल्ली नंबर चार, पाच, सहा. चाराच्या पुढे पाच लागली तर पुढे सहा येणार, एवढं कळलं की नकाशा लागत नाही. आग्रा रोडवर गर्दी फार, फुटपाथवर दुकानं. गुडघ्याचा त्रास असेल तर सकाळी दहाच्या आत जा.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच गेले, आणि लगोलग १९२७ मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथं उभं राहिलं. दप्तरं, हस्तलिखितं, जुनी शिल्पं तिथं आहेत. जोडीला समर्थ वाग्देवता मंदिर, समर्थ संप्रदायाच्या हस्तलिखितांसाठी. दोन्ही ठिकाणी आदल्या दिवशी फोन करूनच जावं, या संस्था मॉलच्या वेळेनं चालत नाहीत. एकवीरा देवी पांझरेच्या काठी, देवपुरात. पावसाळ्यात वर धरणातून पाणी सोडलं की खालचे फरशी पूल बंद होतात. रिक्षावाला लांबून नेतोय म्हणून फसवतोय असं त्या दिवशी समजू नका.

जेवण: शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. 'कमी तिखट करा' म्हणून काही होत नाही, रस्सा सकाळीच झालेला असतो. तिखट बहुतेक वरच्या तेलात असतं. 'तर्री बाजूला काढून द्या' असं सांगा. थंडीत भरीत खा. आणि थंडीतच या. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर. डिसेंबर-जानेवारीत मात्र पहाटे तो एक आकडी होतो, तेव्हा सहाच्या गाडीला कानटोपी हवी.

दुसऱ्या दिवशी सोनगीर. धुळ्याहून उत्तरेला, शिरपूरच्या वाटेवर, वीसेक किलोमीटर. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. किल्लाही आहे, पण वर चढायची हौस गुडघ्यांना विचारून करा. स्टँडवर पाटी वाचताना गावापेक्षा 'मार्गे' काय लिहिलंय ते बघा, आणि विनाथांबा गाडीत चढू नका. कंडक्टरला विचारा, गावात जाते की फाट्यावर सोडते. उतरल्या उतरल्या परतीच्या गाडीची वेळ तिथल्याच टपरीवाल्याला विचारायची. पाटीवरच्या वेळेपेक्षा त्याला ती जास्त पक्की ठाऊक असते.

जागा डावीकडची धरा. सकाळी उत्तरेला जाताना ऊन उजवीकडून येतं. दुपारनंतर दक्षिणेला परतताना सूर्य पश्चिमेला गेलेला असतो, म्हणजे पुन्हा उजवीकडेच. चाकावरच्या सीटवर गुडघे छातीशी येतात, आणि शेवटच्या बाकड्यावर प्रत्येक खड्डा कमरेत बसतो. चढताना दुखऱ्या गुडघ्याचं माणूस आधी, दुसऱ्यानं मागून आधार द्यायचा. उतरताना धडधाकट आधी आणि खालून हात. वीस-दहाच्या नोटा वरच्या खिशात ठेवा. मशीनवर मोबाईलनं पैसे घेतात, पण हायवेवर रेंज गेली की सुटे लागतातच.

सोनगीरला भांडी वजनावर मिळतात. कडी किंवा बूड वेगळ्या धातूचं असेल तर ते धरून वजन केलंय का, हे आधी विचारा. मोठा हंडा कितीही आवडला तरी तो गर्दीच्या गाडीत मांडीवर मावत नाही. तांब्या घ्या.