पडदे काढलेली बेस गिटार

बेस गिटारवादक जाको पास्टोरियसचं नाव निघालं की लोक ‘डोना ली’वर येतात. त्यात त्यांचं चुकत नाही. १९७६ च्या त्याच्या पहिल्या अल्बमची सुरुवातच या चालीने होते. जॅझवादक चार्ली पार्करच्या जमान्यातली ही चाल सॅक्सोफोनवरही दमछाक करणारी, आणि हा पठ्ठ्या ती बेस गिटारवर वाजवतो. साथीला फक्त डॉन अलायसचे कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचे उंच ढोल. ऐकताना थक्क व्हायला होतं. पण सारखं थक्क होण्याचा मला कंटाळा येतो.

मला आवडतो तो ‘अ रिमार्क यू मेड’मधला जाको. ‘वेदर रिपोर्ट’ या जॅझ बँडच्या १९७७ च्या ‘हेवी वेदर’ अल्बममधली जो झाविनुलची ही संथ रचना. इथे त्याला कसलीच घाई नाही. एखादा स्वर लावतो, क्षणभर तसाच धरतो, मग तो हलकेच थरथरू लागतो आणि मींड घेत पुढच्या स्वरावर उतरतो. बेस गिटार चक्क गायला लागते.

याचं श्रेय त्या वाद्यालाही द्यायला हवं. १९६२ ची फेंडर कंपनीची ‘जॅझ बेस’ गिटार, पडदे, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, उपटून काढलेली. ते कुणी आणि कसे काढले याच्या गोष्टी एकाहून अधिक आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच खुद्द जाकोच्याच. पडद्यांच्या खाचा बुजवून वर बोटींना लावतात तसल्या इपॉक्सीचा, म्हणजे कडक होणाऱ्या राळेचा थर दिलेला, कारण खरखरीत तारांनी नुसतं लाकूड झिजलं असतं. पडदे गेले की बोट केसभर सरकलं तरी बेसूर. पण दोन स्वरांमधली सगळी वाटही मोकळी होते. ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’ या रचनेत तर तो तार पुरती दाबतही नाही. तारेच्या निम्म्यावर, तिसऱ्या हिश्श्यावर नुसता बोटाचा स्पर्श करतो, आणि त्या जाड तारांतून घंटीसारखे बारीक स्वर निघतात.

गायिका जोनी मिशेलच्या ‘हेजिरा’ अल्बममधल्या ९ गाण्यांपैकी ४ गाण्यांत तो आहे. ती गाते आणि हा मधल्या जागांमधून तिच्याशी बोलत राहतो. कधीकधी जरा जास्तच बोलतो, पण मी ते खपवून घेतो. १९८७ मध्ये, फ्लोरिडातल्या एका क्लबबाहेर झालेल्या मारहाणीनंतर तो गेला. वय अवघं ३५.

मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर बेस बहुतेक गायबच होतो. जाको मात्र तिथेही ऐकू येतो. तो उजवा हात घोडीजवळ ठेवून, मागच्या पिकअपवर (तारांचं कंपन टिपणाऱ्या भागावर) भर देऊन वाजवायचा. त्यामुळे आवाजाचा जोर खालच्या घुमण्यापेक्षा मधल्या पट्टीत जास्त, आणि तेवढी पट्टी बिचाऱ्या स्पीकरलाही झेपते. तरी ऐकायचंच असेल तर हेडफोन लावा.